बेडफर्ड, कॉमेट आणि डबा गाडी



आज पीक-पाणी थोडे बाजूला ठेवू. ज्या गाड्यांनी आपला माल घाट उतरवून मुंबईला नेला, त्या जुन्या विलायती मालमोटारींविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते. बी-बियाणे, खते, औषधे यांवर आपण पुष्कळ बोलतो. पण कांद्याची गोणी खळ्यावरून बाजारात कशी गेली, याची आठवण कोणी काढत नाही. पट्टीत भाडे वजा झालेले दिसले की तेवढ्यापुरते गाडीचे नाव निघते, आणि तेही रागानेच.

पन्नाशी-साठीतल्या मंडळींना बेडफर्ड आठवत असेल. लांब नाक, रुंद जबडा, दोन बाजूंना दोन दिवे आणि मागे लाकडी हौदा. इंग्लंडात बेडफर्डशायर नावाचा परगणा आहे. तिथल्या ल्यूटन गावी व्हॉक्सहॉल कंपनीचा कारखाना होता, आणि १९३१ सालापासून त्या कंपनीच्या मालमोटारी बेडफर्ड या नावाने निघू लागल्या. कंपनीचे मालक मात्र अमेरिकेतले जनरल मोटर्सवाले. त्यांनी १९२८ साली आपल्या मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता, तो १९५४ साली बंद झाला. पुढे बेडफर्ड गाड्या कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्समध्ये तयार होऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धात या कंपनीने अडीच लाखांवर लष्करी गाड्या बांधल्या. लढाई संपल्यावर लष्कराच्या मोडीत निघालेल्या गाड्या लिलावात आल्या आणि पुष्कळांनी त्या घेऊन मालवाहतुकीचा धंदा सुरू केला. जुनी माणसे ‘डिस्पोजलची गाडी’ म्हणत, ती हीच.

आपल्या एस.टी.चा श्रीगणेशासुद्धा बेडफर्डनेच झाला. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पहिली एस.टी. गेली ती तीस आसनांची बेडफर्ड होती. लाकडी सांगाडा आणि काथ्याच्या गाद्या. त्या काळी एस.टी.च्या ताफ्यात दहा प्रकारच्या गाड्या होत्या. त्यांत मॉरिस कमर्शियल, अल्बियन, सेडन, कॉमर, लेलँड अशी बरीचशी नावे विलायतेतलीच. पुढे मॉरिसच्या सांगाड्यावर ‘नीलकमल’ आणि ‘गिर्यारोहिणी’ या दोन आरामगाड्या बांधून पुणे-महाबळेश्वर मार्गावर सोडल्या. त्यांना पडदे होते, हिरवट काचा होत्या आणि आत घड्याळ होते. बिचाऱ्या मेकॅनिकांचे मात्र हाल असतील. दहा प्रकारच्या गाड्या म्हणजे दहा तऱ्हेचे पाने आणि दहा तऱ्हेचे सुटे भाग!

आमचे गाव पुणे-नाशिक रस्त्यालगत. शाळा सुटली की आम्ही पोरे वडाच्या पारावर बसून पैज लावत असू. वळणाआडून गाडीचा नुसता आवाज यायचा, गाडी दिसायच्या आत तिचे नाव सांगायचे. लेलँड खालच्या पट्टीत गुरगुरत येई. बेडफर्ड चढावर गिअर बदलताना एक सुस्कारा टाकी. टाटा-मर्सिडीजचा सूर वेगळाच. ती गाडी जर्मन घराण्यातली, १९५४ सालापासून आपल्याकडे तयार होऊ लागलेली. पैज एका पेरूची किंवा चार बोरांची असे. एका पोराला तर गावच्या घाटमाथ्यावरून कोणाची गाडी येते आहे हेही कळे. आज तो उत्तम पंप दुरुस्त करतो, आणि मोटारीच्या आवाजावरून बेअरिंग गेले की झडप, हे सांगतो.

आमच्या चुलत्यांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, दोघा भावबंदांच्या भागीत एक जुनी बेडफर्ड घेतली होती. १९८२ च्या उन्हाळ्यात मी तिच्यातून पहिल्यांदा नवी मुंबई पाहिली. कांद्याच्या गोण्या, वर ताडपत्री, ताडपत्रीवर दोर, आणि दोराला धरून किन्नर बसलेला. चाकण, तळेगाव करत खंडाळ्याचा घाट रात्री उतरलो. अण्णांचा नियम असा, की ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. तरी ब्रेक तापल्याचा वास यायचाच. मग खोपोलीला गाडी उभी करायची, चाकांवर हात धरून पाहायचे, रेडिएटरमध्ये पाणी घालायचे आणि चहा घ्यायचा. पहाटे पनवेल मागे टाकून तुर्भ्याला पोचलो तेव्हा चहूकडे खाजण, मिठागरे आणि मध्येच उभी राहिलेली नवी गाळ्यांची रांग. कांदा-बटाट्याचा बाजार मशीद बंदरच्या गर्दीतून नुकताच तिकडे आला होता. भाजीपाला आणि फळे मात्र १९९६ पर्यंत भायखळ्याला आणि क्रॉफर्ड मार्केटलाच जात राहिली. सिडको १९७० ची आणि वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा, म्हणजे माझ्याहून फार मोठे कोणीच नव्हते.

लेलँडची हकीकत वेगळी. १९४८ साली रघुनंदन सरन यांनी मद्रासला अशोक मोटर्स काढली, नाव मुलाचे. आधी ऑस्टिन मोटारी जोडल्या, नंतर लँकेशायरमधल्या लेलँड कंपनीशी करार करून कॉमेट मालमोटारी सुरू केल्या. १९५५ पासून कंपनीचे नाव अशोक लेलँड झाले, आणि १९८७ पर्यंत तिच्यात विलायती कंपनीचा मोठा हिस्सा होता. कॉमेट म्हणजे धूमकेतू. आपल्याकडे धूमकेतू दिसला की म्हातारी माणसे दुष्काळ सांगत, पण या धूमकेतूने दुष्काळात चारा आणि धान्य पोचवले. १९७२ च्या दुष्काळात ज्यांच्या गावाला मालट्रकने धान्य आले, त्यांना हे सांगायला नको.

आता डबा गाडी. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची ‘स्टँडर्ड २०’, मूळची विलायतेतली १९५८ सालची स्टँडर्ड अ‍ॅटलस. चपटे तोंड, इंजिन ड्रायव्हर आणि शेजारच्या माणसाच्या मधोमध झाकणाखाली. थंडीत ऊब, उन्हाळ्यात भट्टी. दवाखान्याची गाडी म्हणून, पावाची गाडी म्हणून ती पुष्कळांनी पाहिली असेल. मद्रासची ती कंपनी १९८८ साली बंद पडली. पण स्टँडर्ड हे नाव शेतकऱ्याने लक्षात ठेवावे असे आहे. कारण याच स्टँडर्ड कंपनीने कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत हॅरी फर्ग्युसन यांचे करडे छोटे ट्रॅक्टर पाच लाखांवर बांधून दिले. नांगर हायड्रॉलिकने उचलणारी तीन बिंदूंची जोडणी त्याच ट्रॅक्टरमुळे जगभर झाली. आज तुमच्या ट्रॅक्टरमागे रोटाव्हेटर लागतो तो त्याच जोडणीला. पुढे १९६० साली मद्रासला टॅफे निघाली आणि फर्ग्युसनचा वंश ‘मॅसी’ म्हणून आपल्या बांधावर आला. त्याच्या पोटात सिम्पसनचे इंजिन असते, आणि सिम्पसनने इंजिनाची विद्या घेतली पीटरबरोच्या पर्किन्सकडून. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या डॉज आणि फार्गो मालमोटारींनाही पर्किन्सचेच डिझेल इंजिन बसत असे. नाव अमेरिकन, काळीज विलायती.

टेम्पो आणि मॅटाडोर मात्र साहेबाच्या नव्हेत. जुनी गाडी दिसली की ‘इंग्रजांच्या वेळची’ म्हणायची आपल्याला खोड आहे. तीन चाकी टेम्पो हँबुर्गच्या कंपनीचा. १९५८ पासून तो गोरेगावला आणि नंतर आकुर्डीला तयार झाला. मॅटाडोर १९६९ ची, तीही जर्मन कुळातली.

सध्या माझे घर नवी मुंबईत आहे. तुर्भ्याच्या फाटकाशी सकाळी उभे राहिले तर बोलेरो, आयशर आणि २००५ साली आलेला ‘छोटा हाथी’, यांचीच रांग दिसते. लांब नाकाची गाडी दिसत नाही. कळंबोलीला ट्रक टर्मिनल आणि लोखंड बाजाराच्या बाजूला कधी एखाद्या जुन्या कॉमेटचा सांगाडा दृष्टीस पडतो. मी स्कूटर थांबवून पाहतो, घरचे हसतात. इंग्लंडात जुन्या मालमोटारी जपणाऱ्यांची संस्था १९५८ पासून आहे, आणि १९६२ पासून साधारणपणे मे महिन्यात लंडनहून ब्रायटनपर्यंत अशा गाड्यांची मिरवणूक निघत आली आहे. पाकिस्तानात रंगवलेली, नक्षीने मढवलेली बेडफर्ड हा तर त्या देशाचा दागिना मानतात.

आपल्याकडे काय? २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने जुन्या वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेले, मूळ रूपात राखलेले वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये, आणि धंद्यासाठी वापर बंद. पण हे नियम दुचाकीला आणि माणसांच्या चारचाकीला आहेत. मालमोटारीला त्यात जागा नाही. राजेसाहेबांची मोटार जपता येते, कांदा वाहणारी बेडफर्ड नाही. मला हे पटत नाही, आणि ज्यांच्या हाती नियम आहेत त्यांनी यावर विचार करावा असे स्पष्ट लिहितो.

गेल्या वर्षी एका वाडीवर वाटणीचा प्रश्न माझ्यापुढे आला. शेत वाटले, विहीर पाळीने ठरली, आणि खळ्यातल्या बेडफर्डवर गाडी अडली. भंगारवाला वजनाने पैसे देणार होता, तिघांना सारखे. आई म्हणाली, विहिरीचे कर्ज हिने फेडले, हिला वजनाने देऊ नका. शेवटी धाकट्याने आपल्या वाटणीचे दोन शेळ्यांचे पैसे सोडले आणि गाडी ठेवून घेतली. मोठा म्हणाला, मग ती तुझीच चिंता. अजून ती चिंचेखाली उभी आहे.

ज्यांच्या दारात अशी गाडी असेल, त्यांनी एवढे करावे. आस खाली दगड-लाकूड देऊन चाके जमिनीपासून उचला. रेडिएटरचे पाणी काढून टाका. बॅटरी बाहेर काढा. पाट्यांना वंगण द्या. वर्षातून दोनदा इंजिन हाताने फिरवा. उंदीर वायरी खातात, म्हणून आत धान्य किंवा पेंड ठेवू नका. ताडपत्री घट्ट लपेटू नका, वारा खेळू द्या. आणि मोडीत द्यायचीच असेल तर नोंदणी झालेल्या भंगार केंद्रात द्या, जमा केल्याचे प्रमाणपत्र घ्या आणि परिवहन कार्यालयात नोंदणी रद्द करून घ्या. नाही तर गाडी वितळते, पण कागदावर तुमचे नाव राहते. आर.सी. पुस्तकाची झेरॉक्स काढून ठेवा.

पुढच्या अंकी हळदीच्या बेण्याची निवड आणि बेणेप्रक्रिया.