देवाशी भांडण आहे? मग भांडा

काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातला नऊ वर्षांचा मुलगा तापाने गेला. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. सतरंजीवर दहा-बारा माणसं बसली होती, भिंतीला टेकून मुलाची आई. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "वहिनी, मागच्या जन्मीचे ऋणानुबंध असतात, ते संपले की माणूस थांबत नाही." त्यांनी मान वर केली. "नऊ वर्षांच्या पोराने मागच्या जन्मी काय केलं होतं ते सांगा ना भाऊजी. तुम्हाला ठाऊक दिसतंय."

मला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात चहा आला आणि मी सुटलो. त्या सुटल्या नाहीत. पुढे त्यांनी देव्हाऱ्यात दिवा लावणं बंद केलं आणि घरात कुजबुज सुरू झाली, की हिची श्रद्धा ढळली. हे लिहितोय ते वहिनींसारख्यांसाठी, आणि त्याहून जास्त माझ्यासारख्यांसाठी.

बायबलात ईयोबाची गोष्ट आहे. त्याची मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड उठले. तीन मित्र समाचाराला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. मग त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. देव उगाच शिक्षा करत नाही, तुझंच काही चुकलं असेल, हाच त्यांचा सूर. म्हणजे माझंच वाक्य! ईयोब मात्र हटत नाही, तो थेट देवाकडे दाद मागतो. शेवटी देव ईयोबालाही चार शब्द सुनावतो, पण त्याचा राग निघतो तो देवाची वकिली करणाऱ्या त्या मित्रांवर. ईयोबाबद्दल तो म्हणतो की हा माझ्याविषयी खरं बोलला.

आपल्याकडे तर देवाशी भांडणं ही भक्तीतली जुनी रीत आहे. 1630च्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला. अन्नावाचून बायको गेली, हे त्यांनी स्वतःच अभंगात लिहून ठेवलं आहे. त्याच काळात मुलगाही गेला, असं परंपरा सांगते. या माणसाने पुढे विठ्ठलाला काय काय ऐकवलं ते गाथा उघडून पाहा. निष्ठुर म्हटलं, लबाड म्हटलं, आपल्यापुरता तू मेलास इथवर मजल गेली. जनाबाई आणि नामदेवही विठ्ठलाची हजेरी घेतात. कीर्तनात आपण ते ऐकतो, कौतुकाने हसतो, टाळ्या देतो. घरची बाई तेच बोलली की मात्र तिला गप्प करतो.

यातलं सगळ्यात कठीण भांडण चोखोबांच्या घरातलं. चोखोबांना देवळात प्रवेश नव्हता. त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी विचारलं, की विटाळातूनच प्रत्येक देह जन्मतो, तर मग सोवळा कोण? मुलगा कर्ममेळा आणखी पुढे गेला. आम्हाला या जातीत का घातलंस, उष्ट्यावर का जगवलंस, याचा जाब त्याने देवाकडे मागितला. त्याला उत्तर मिळालं नाही. पण ती तक्रार कुणी फाडूनही टाकली नाही. सकलसंतगाथेत ती संतवाणी म्हणून छापलेली आहे. ज्या परंपरेने तक्रारीलाच ग्रंथात जागा दिली, तिच्या नावाने आपण तक्रार करणाऱ्यांना दटावतो, हे मला पटत नाही.

आता मंगळवेढ्याचं. 1338 साली गावकुसाचं काम चाललं असताना ते कोसळलं आणि त्याखाली मजुरांबरोबर चोखोबाही गेले, असं परंपरा सांगते. इतका मोठा भक्त, देवाने का वाचवलं नाही? प्रश्न खरा आहे, विचाराच. पण त्याच्या शेजारी दुसरा प्रश्नही ठेवा. राबायला त्यांनाच का जुंपलं होतं? देवळाचं दार त्यांना कुणी बंद केलं होतं? ते काही विठ्ठलाने केलं नव्हतं. साने गुरुजी नेमके इथे अडले. त्यांनी देवाला दोष दिला नाही, दार अडवणाऱ्यांना जाब विचारला. 1 मे 1947 रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले, दहा दिवस अन्न घेतलं नाही, आणि दार सर्वांसाठी उघडायचं ठरलं. चोखोबांनंतर सहाशे नऊ वर्षांनी.

दुष्काळाचंही तेच. 1972 सालीही पाऊस नव्हता. आमच्या पिढीच्या आयाबायांनी उन्हात खडी फोडली, मुलांना सुकडी खाऊ घातली. हाल झाले, पण हाताला काम होतं, म्हणून 1630सारखी गावंच्या गावं ओस पडली नाहीत. त्यातूनच पुढे वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना रुजली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. देव न्यायी आहे का, या प्रश्नाचा निम्माशिम्मा भाग असा माणसांच्या अंगावर येतो. तेवढा आपण उचलावा. नऊ वर्षांच्या मुलाचं मरण उरलेल्या भागात बसतं, आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. ज्याच्याजवळ आहे असं तो सांगतो, त्याच्याकडे मी आता जरा संशयानेच पाहतो.

ग्रंथांबद्दलही थोडं बोलतो, कारण पुष्कळांची अडचण तिथे असते. पोथीत लिहिलंय म्हणजे मानलंच पाहिजे का? एकनाथांना ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये अशुद्ध पाठ शिरलेले दिसले. डोळे मिटून नमस्कार करत न बसता त्यांनी प्रती ताडून पाहिल्या आणि 1584 साली शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथावर प्रेम होतं म्हणूनच तपासला. गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयी माणसाचा नाश होतो असं म्हटलं आहे, आणि शंका विचारणाऱ्याच्या तोंडावर तेवढंच फेकलं जातं. पण अर्जुनाला शंका आली नसती तर अठरा अध्याय सांगायचे कुणाला? आणि अठराव्यात श्रीकृष्ण म्हणतो, या सगळ्याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. ते वाक्य मात्र सहसा कुणी फेकत नाही.

आणि जे वचन माणसाला हीन ठरवतं ते तपासून झाल्यावर नाकारावं लागतं. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला बाबासाहेब आंबेडकरांच्या परिषदेत मनुस्मृती जाळण्यात आली. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. कुठलं वचन ठेवायचं आणि कुठलं सोडायचं हे ठरवण्याची जबाबदारी वाचणाऱ्यावरच असते, ती पोथीवर ढकलता येत नाही.

तुमच्या मनात असं काही चाललं असेल तर ते दाबू नका. देवाशी बोलायची सवय असेल तर त्यालाच ऐकवा, मोठ्याने ऐकवा. नसेल तर एखाद्या भरवशाच्या माणसापाशी बोला. उपास वाढवून, नवस बोलून, दोरे-गंडे बांधून शंका मिटवायला जाऊ नका. त्यात मांत्रिकाचं घर भरतं. घाईही करू नका. कुणाचा दिवा दोन वर्षांनी पुन्हा लागतो, कुणाचा लागत नाही. ज्याचा लागला नाही तो वाईट माणूस होत नाही, हे मी आसपास पुरेसं पाहिलं आहे.

वहिनींचा दिवा अजून बंद आहे. मात्र गल्लीत कुणाचं मूल आजारी पडलं की पहिल्यांदा त्याच धावतात. मी एकदा त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी नुसते बसला असतात तरी चाललं असतं."

म्हणून एवढंच करा. दुःखाच्या घरी जाल तेव्हा मागचा जन्म बाहेर ठेवून जा. तिथे कुणी देवाला शिव्या दिल्या तर देवाची बाजू घेऊन बोलू नका. पाण्याचा तांब्या पुढे करा आणि बसून राहा.