मनगटावरचा आकडा आधी किम्समध्ये तपासा

प्रति,
संचालक, आयआयटी धारवाड. संचालक, किम्स रुग्णालय, हुबळी. आणि कर्नाटक राज्याच्या औषध नियंत्रण खात्याचे अधिकारी यांस,



हुबळीच्या उणकल तळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींपैकी एका काकांनी परवा मला हातातलं नवं घड्याळ दाखवलं. शुगर ११२. ‘सुई नको, रक्त नको,’ म्हणाले, आणि गोळी निम्मी केल्याचंही सांगून टाकलं. मी त्यांना घरी नेऊन बोट टोचलं, तर ग्लुकोमीटर २६० च्या वर. मग तेच घड्याळ गुंडाळलेल्या वर्तमानपत्राला बांधून पाहिलं. कागदाचीही शुगर आली.

असली घड्याळं राजरोस विकली जातात याचा मला संताप येतो. सुई न टोचता शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असं अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावलं होतं. (दंडावर चिकटवतात तो सतत शुगर मोजणारा सीजीएम वेगळा; त्याचा बारीक तंतू त्वचेखाली जातो.) आपल्याकडे एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली आहेत. मग खोक्यावर ‘वेलनेस’ छापलं की विक्रेता मोकळा कसा सुटतो? औषध खात्याने दुकानांत जाऊन माल तपासावा.

हे तंत्रच नको, असं मात्र मी म्हणणार नाही. ॲपलच्या घड्याळावरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४ लाख १९ हजार माणसं होती. अनियमित नाडीचा इशारा जेमतेम अर्ध्या टक्क्याला मिळाला, पण त्यांतल्या ज्यांनी पुढे छातीवर ईसीजीची पट्टी लावून घेतली, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. या आजारात हृदयात गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. आजार आधी कळला तर माणूस वाचू शकतो.

पण ती मनगटं अमेरिकेतली. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा दिवा त्वचेत प्रकाश सोडतो, ठोक्यागणिक रक्त वाढलं की प्रकाश कमी परततो, त्यावरून नाडी कळते. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिनही तोच प्रकाश शोषतं. प्रकाशावरच चालणाऱ्या, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचं काय झालं ते २०२० मध्ये उघड झालं : रक्तातला ऑक्सिजन घटूनही तो न दिसण्याचं प्रमाण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. आता नवलगुंदकडे कापूस वेचणारी बाई डोळ्यांसमोर आणा. हात सारखा चालू, घामाच्या धारा, मनगटभर काचेच्या बांगड्या. पट्टा त्वचेला टेकणार कुठे? तिच्यासारख्या हातांवर ही घड्याळं कधी तपासणार?

तपासायला लागणारं सगळं हुबळी-धारवाड या आपल्या जुळ्या शहरांत आहे. धारवाडला अभियंते आहेत, किम्सच्या ओपीडीत गदग-हावेरीपासूनची माणसं येतात. त्यांच्या संमतीने एका हाताला नाडी आणि बीपी सांगणारं घड्याळ लावा, दुसऱ्या हाताला नेहमीचं बीपीचं यंत्र, जोडीला ईसीजी. कुठलं घड्याळ किती चुकतं आणि कुणाच्या हातावर चुकतं, ते कन्नड, मराठी आणि उर्दूत छापून प्रत्येक आरोग्य केंद्रात लावा. या कामाला घड्याळाच्या कंपन्यांचा पैसा घेऊ नका. आणि इशारा मिळालेल्या माणसाचा ईसीजी कोण काढणार, त्याला औषध कोण लिहून देणार, हे ठरल्याशिवाय गावोगावच्या आशाताईंच्या हाती आणखी एक ॲप देऊ नका.

चाचणीसाठी माणसं हवी असतील तर उणकलची आमची मंडळी येतील. घड्याळवाले काकाही तयार आहेत. तारीख कळवावी.

आपला,
धारवाडचा एक रहिवासी