नांगराची निशाणी

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात एक जुना, घडीवर फाटलेला कागद आहे. दर दसऱ्याला विळा, कोयता आणि आम्हा भावंडांची पुस्तके यांच्याबरोबर त्या कागदाचीही पूजा होते. कागद मोडीतला. आमच्या घरात मोडी कोणालाच येत नव्हती. खरे सांगायचे तर आजोबांपर्यंत बाळबोधही कोणाला येत नव्हती. तरीही ‘हा आपल्या जमिनीचा कागद’ अशी सर्वांची श्रद्धा होती.

नवी मुंबईसाठी १९७० पासून ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या, तेव्हा आमच्या भागात घरोघर अशा कागदांची शोधाशोध सुरू झाली. आजोबांनीही हा कागद एका जाणकाराकडे नेला. त्याने पैसे घेतले, कागद उलटसुलट करून पाहिला आणि “जमिनीचाच आहे, जपून ठेवा” असे सांगितले. आजोबांनी तो जन्मभर जपला.

गेल्या वर्षी मी तो एका निवृत्त गुरुजींना दाखविला. त्यांनी भिंग लावून दहा मिनिटांत वाचून काढला. तो जमिनीचा कागद नव्हताच. माझ्या पणजोबांनी सावकाराकडून चार खंडी भात सवाईने घेतल्याचा तो कर्जरोखा होता. म्हणजे इतकी वर्षे आम्ही कर्जाची पूजा करीत होतो!

पण मला खरा धक्का बसला तो कागदाच्या तळाशी. वर कारकुनाच्या मोडीच्या सफाईदार ओळी, आणि खाली, जिथे सही असायची, तिथे एक वेडावाकडा छोटा नांगर काढलेला. शेजारी कारकुनाच्या अक्षरात ‘निशाणी नांगर’. ज्या शेतकऱ्याला लिहिता येत नसे त्याची सही म्हणजे हा नांगर.

मित्रहो, इतिहासाच्या पुस्तकात आपण वाचतो की लेखनकला हा मानवाच्या प्रगतीचा मोठा टप्पा. आपल्याला वाटते, माणसाने पहिल्यांदा लिहिले ते एखादे काव्य असेल, एखादी प्रार्थना असेल. पण मेसोपोटेमियातील उरुक या नगरात इसवी सनापूर्वी ३३०० च्या सुमाराच्या ज्या मातीच्या पाट्या सापडल्या, त्यांतील बहुतेक सर्व हिशेबाच्या आहेत. किती सातू आला, किती मेंढ्या गेल्या, कोणत्या मजुराला किती शिधा दिला. म्हणजे लिपी जन्माला आली ती कोठीघरात, कोठावळ्याच्या हातून. तिथली आरंभीची चिन्हे ही चित्रेच होती, आणि त्यांत नांगराचेही एक चिन्ह होते!

पुढे चित्रावरून वस्तू न ओळखता आवाज ओळखायची युक्ती निघाली. पान आणि वेल यांची चित्रे शेजारी काढून ‘पनवेल’ वाचावे, तसे. सुमेरी भाषेत बाणाला ‘ती’ म्हणत आणि जीवनालाही ‘ती’च म्हणत. बाण काढला की जीवन लिहिता येऊ लागले. हीच झेप लिपीची खरी झेप. चीनमध्ये आणि मध्य अमेरिकेतील माया लोकांमध्येही लिपी स्वतंत्रपणे घडली. सर्वत्र आरंभ हिशेबातूनच झाला असे नाही. चीनमधील सर्वांत जुने लेख हाडांवर आहेत आणि ते राजाने देवाला विचारलेल्या प्रश्नांचे आहेत. पण कोठार असो की देव, लिहिणारा हात थोड्यांचाच होता.

आता माझ्या पणजोबांचा कागद पुन्हा पाहा. वर मोडी, खाली चित्र. पाच हजार वर्षांचे अंतर एका वीतभर कागदावर आहे. लिहिणारा विसाव्या शतकात होता. ज्याच्यावर कर्ज होते त्याला मात्र उरुकच्या पहिल्या पायरीवरच उभे ठेवले होते.

कोणी म्हणेल, लिपी अवघड होती म्हणून सामान्यांना आली नाही. हे मला पटत नाही. आपली ब्राह्मी मोजक्या अक्षरांची आणि सोपी. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेतील गाई, घोडे आणि कार्षापण आकड्यांनिशी कोरलेले आहेत. घाट चढून कार्ल्याला गेले तर तिथे राजेरजवाड्यांबरोबर सिंहदत्त नावाच्या गंधिकाचे आणि लेण्याचे दार करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचेही नाव आहे. आपल्याच जिल्ह्यातील अक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जातो. मराठीतील अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. म्हणजे सुताराचे नाव दगडावर कोरले जाऊन दोन हजार वर्षे होत आली, तरी माझे पणजोबा नांगरच काढत होते. दोष लिपीच्या अवघडपणाचा नव्हे. ती कोणाला शिकवायची आणि कोणाला नाही, हे ठरविणाऱ्यांचा आहे. जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली ती हे ओळखूनच.

न वाचता येणारा कागद काय करू शकतो, हे १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी दाखविले. १२ मे रोजी सुपे येथे ते सावकारांवर चालून गेले आणि तिथून दंगा पसरला. त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, तो कर्जरोख्यांवर होता. ते त्यांनी हिसकावून जाळले. जो कागद आपल्याला वाचता येत नाही, पण ज्याच्या जोरावर आपले शेत जाते, त्याचे दुसरे करायचे तरी काय?

आज मोडीची गोष्ट निघाली की दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात, मेलेली लिपी शिकून नोकरी मिळणार आहे का? दुसरे शिवकालाचा अभिमान सांगून भाषण करतात आणि स्वतः मात्र एक ओळ वाचत नाहीत. मला दोघांनाही सांगायचे आहे की मोडी केवळ राजेरजवाड्यांची नव्हती. पेशवे दफ्तरात ती आहे तशी आमच्या पत्र्याच्या पेटीतही आहे. स्वातंत्र्यानंतर ती शाळांतून गेली आणि दोनच पिढ्यांत आपण आपल्याच घरातल्या कागदांपुढे निरक्षर झालो. २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली, संगणकाला ती कळू लागली. आपल्याला मात्र कळत नाही!

म्हणून माझी प्राध्यापकांना नम्र सूचना आहे. आपल्या महाविद्यालयात आठवड्यातून एक तास मोडीचा वर्ग असावा. आधी ओळ आखून तिला अक्षरे टांगायची, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, लेखणी शक्यतो उचलायची नाही. सरावाने हे जमते. मी शिकत आहे, अडखळत वाचते. पुस्तकातील उतारे नकोत. प्रत्येकाने आपापल्या घरातला, गावातला कागद आणावा आणि तोच वाचावा. इतिहासाचा याहून चांगला धडा कोणता?

आणि हे फक्त जुन्या कागदांसाठी नाही. माझी आई आजही रेशनच्या यंत्रावर अंगठा टेकविते आणि पडद्यावर काय उमटले ते मला विचारते. बँकेतला इंग्रजी फॉर्म मीच भरते. घरातली पहिली शिकलेली मुलगी म्हणजे घरातला कारकून. पण या कारकुनाने वाचून दाखवावे, वाचता येते म्हणून फसवू नये, आणि जमल्यास समोरच्याला शिकवावे. आईने आता सही गिरवायला घेतली आहे.

एक सांगायचे राहिले. गुरुजींनी कागद उलटा केला तेव्हा मागे एक ओळ निघाली : ‘भरून पावलो’. पणजोबांनी कर्ज फेडून रोखा परत घेतला होता. मी घरी येऊन हे सांगितले तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हंजे आज्यानं कुनाचा देना ठेवला नाय.”

या दसऱ्यालाही तो कागद पूजेत ठेवायचा असे घरात ठरले आहे. मात्र त्याआधी मी तो सर्वांना वाचून दाखविणार आहे.