तो रागीट, ती चोर



गेल्या पोळ्याच्या आधी अंबड तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक होती. बैठक समाजमंदिरात ठरली होती. तिथे तिर्रटचा डाव बसला होता, म्हणून आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसलो. बायांना त्यात काही विशेष वाटलं नाही. "ते काही उठत नसतेत, ताई," एवढंच म्हणाल्या.

बैठकीत विषय होता एका बाईच्या थकलेल्या हप्त्यांचा. तिनं गटातून शेळ्यांसाठी कर्ज घेतलं होतं. शेळ्या नवऱ्यानं विकल्या. थोडे पैसे तिर्रटमध्ये गेले, उरलेले मोबाइलवरच्या रमीत. एका संध्याकाळी ती थेट डावापाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या शेळ्यांचे पैसे द्या." तिनं शिवी दिली नाही की कोणाच्या अंगाला हात लावला नाही. तरी दुसऱ्या दिवशी गावभर चर्चा कशाची? "बाईमाणसानं तिथं जावं का?" त्याच डावात एक गडी रोज हरला की पत्ते फाडतो, समोरच्याची आई-बहीण काढतो. त्याच्याबद्दल गाव म्हणतं, "चिडका आहे, पण खेळतो भारी."

खरं सांगायचं तर बैठकीतल्या एका म्हाताऱ्या बाईनंही तोच प्रश्न केला आणि मी लगेच उत्तर दिलं नाही. विषय हप्त्यांकडे वळवला. ते मला अजून बोचतं. हा लेख म्हणजे ते राहून गेलेलं उत्तर आहे.

जालन्याला परतले तर भाचा मोबाइलवर पोकर बघत बसलेला. पोकर म्हणजे आपल्या तीन पत्तीच्या नात्यातलाच खेळ, पण परदेशात त्यावर लाखो डॉलर लागतात, स्पर्धा होतात, टीव्हीवर दाखवतात. भाचा म्हणाला, "मावशी, हा फिल हेल्मुथ बघ. लोक त्याचं चिडणंच बघायला येतात."

हा हेल्मुथ १९८९ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी पोकरचा जगज्जेता झाला. तेव्हापासून हरला की समोरच्याला मूर्ख म्हणायचं, खुर्चीवरून उठून आरडाओरडा करायचा, ही त्याची ख्याती. त्याला 'पोकर ब्रॅट', म्हणजे पोकरमधलं द्वाड पोर म्हणतात आणि त्यानं आत्मचरित्रालाही तेच नाव दिलं. २००८ च्या जागतिक स्पर्धेत क्रिस्टियन ड्रॅगोमिर नावाच्या खेळाडूनं दश्शी-चव्वी अशा फालतू पानांवर त्याच्यासमोर डाव चालू ठेवला आणि जिंकला. हेल्मुथनं त्याला इतकं टाकून बोललं की पंचांनी त्याला एक फेरी बाहेर बसायची शिक्षा दिली. पुढचा खेळ सुरू होण्याआधीच आयोजकांच्या प्रमुखानं ती रद्द केली! पंचेचाळिशीकडे झुकलेल्या पुरुषाच्या आदळआपटीला 'पोराचा द्वाडपणा' म्हणून माफी, वर प्रसिद्धी.

मग मी भाच्याला विचारलं, "यात बाया नसतात का?" त्यानं दुसरा डाव दाखवला. २९ सप्टेंबर २०२२, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळचा एक कॅसिनो. रॉबी जेड ल्यू ही बाई गॅरेट ॲडेलस्टीन या नावाजलेल्या व्यावसायिक खेळाडूविरुद्ध खेळत होती. तिच्या हातात गुलाम आणि चव्वी. तिनं सगळे पैसे लावले आणि ती २ लाख ६९ हजार डॉलरचा डाव जिंकली. आपल्या हिशेबात दोन कोटी रुपयांहून जास्त. दश्शी-चव्वीवर पुरुष जिंकला तेव्हा तो मूर्ख ठरला होता. गुलाम-चव्वीवर बाई जिंकली तेव्हा ती चोर ठरली. तो गडी तिच्याकडे टक लावून बघत राहिला. मग टेबल सोडून बाहेर दोघांचं बोलणं झालं आणि तिनं १ लाख ३५ हजार डॉलर त्याला परत दिले. आपल्यावर दबाव आला, असं ती नंतर म्हणाली. तिनं आपणहून खोटं पकडणाऱ्या यंत्राची चाचणीही दिली. डिसेंबरमध्ये चौकशीचा अहवाल आला : फसवणुकीचा विश्वासार्ह पुरावा मिळाला नाही. तोवर जगभर तिच्या अंगठीपासून कपड्यांपर्यंत सगळ्याची झडती झाली होती. आरोप करणारा मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला.

आमची एक कार्यकर्ती हे ऐकून म्हणाली, "श्रीमंत जुगारी बाई ती. तिच्यासाठी आपण का रडायचं? आपलं काम व्यसनमुक्तीचं." मला हे पटत नाही. रॉबी ल्यूसाठी मोर्चा काढा, असं मी म्हणत नाही. पण त्या टेबलावरचा नियम आणि समाजमंदिरातला नियम एकच आहे, तो ओळखा. पुरुष हरून भडकला तर तो त्याचा स्वभाव. बाईनं आपला हिशेब मागितला किंवा ती जिंकली, तर ती चारित्र्याची परीक्षा. एकीला जिंकलेले पैसे परत करावे लागले, दुसरीला स्वतःचे पैसे मागणंही महाग पडलं.

"मग बायांनाही टेबलावर जागा द्या," असं काही जण म्हणतील. तीही मिळू लागली आहे. २०१८ मध्ये निकिता लुथर ही भारतीय बाई जोडीदारासोबत जागतिक पोकर स्पर्धेतला एक प्रकार जिंकली. तिच्या कौशल्याला मी नावं ठेवत नाही. मी स्वतः मेंढीकोट आणि बदाम सात आवडीनं खेळते. पण एक खुर्ची मिळाल्यानं गावातल्या बाईच्या शेळ्या परत येत नाहीत. तिला त्या टेबलावर कोणी बसवलं नव्हतं, बसवलं होतं तिच्या कमाईला.

आता कायद्याकडे बघू. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातून निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत. पुढे सिकंदराबादच्या एका क्लबवर छापा पडला. आपल्या जालन्यावरून गाडी जाते तेच सिकंदराबाद. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६७ मध्ये न्यायालयानं म्हटलं, रमी हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ आहे. याच निकालाचा आधार घेऊन मोबाइलवरच्या रमीवाल्यांनी घराघरात दुकान मांडलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कौशल्य असो की नशीब, पैसे लावायचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. कायद्याचं मी स्वागत करते. पण शंभर-सव्वाशे वर्षं वकील आणि न्यायाधीश नशीब की कौशल्य याचाच खल करत राहिले. पैसा कोणाचा, हे कोणी विचारलं?

द्रौपदीनं विचारलं होतं. फासे खरे की खोटे, हा तिचा प्रश्न नव्हता. स्वतःला हरून बसलेल्याला मला पणाला लावायचा हक्क कुठून आला, हा तिचा प्रश्न होता. सभेतल्या थोरांनी धर्म सूक्ष्म आहे म्हणून मान खाली घातली. आपल्याकडेही तेच चाललं आहे.

आणि आपल्या सभेत काय झालं? जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारा व्हिडिओ बाहेर आला. त्यांनी इन्कार केला. महिनाअखेर त्यांचं खातं बदललं आणि त्यांना क्रीडा खातं मिळालं! लोक हसले. मला हसू आलं नाही. मंत्री खेळत होते की नव्हते, तो वाद बाजूला ठेवा. मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबत नाहीत. मागे राहिलेल्या बाईच्या दाराशी सावकार, बँक, गट सगळे येतात. तिला कोणी दुसरं खातं देत नाही.

पोलिस छापा टाकतात तेव्हाही बघा. पंचनामा होतो, डावावरची रोकड जप्त होते, गडी जामिनावर सुटून घरी येतो. ती रोकड कोर्टाच्या हुकमानं सरकारजमा होऊ शकते. कापूस वेचून आणलेले तिचे पैसे आधी नवऱ्यानं नेले, मग सरकारनं.

म्हणून माझं म्हणणं असं. व्यसनमुक्तीची शिबिरं जरूर घ्या, पण तिथेच थांबू नका.

एक : निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दारूचं दुकान बंद होतं. पत्त्यांच्या क्लबांना परवाने देतानाही बायांचं मत घ्या.

दोन : छाप्यात जप्त झालेली रक्कम बाईची होती असं गटाच्या वहीवरून दिसत असेल, तर ती बाईला परत मिळाली पाहिजे. तशी तरतूद करा.

तीन : शेतकरी संघटनेनं नव्वदच्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेऊन बायांची नावं जमिनीला लावायचा आग्रह धरला होता. ते काम अर्धंच राहिलं. सातबाऱ्यावर तिचं नाव असेल तर तिच्या सहीवाचून जमीन विकता येणार नाही.

चार : गटाचं कर्ज बाईच्या खात्यात जातं, पण मोबाइल आणि पिन नवऱ्याकडे असतो. पुढच्या बैठकीत आधी हे विचारा.

आणि पाचवं, ज्याला सरकारचा कागद लागत नाही. एखादी बाई डावापाशी जाऊन पैसे मागते तेव्हा तिला एकटं सोडू नका. अंबड तालुक्यातल्या त्या गावात पुढची बैठक आम्ही समाजमंदिरातच घेणार आहोत. आम्ही वीस-बावीस जणी जाऊ, वह्या घेऊन बसू. डाव बसला असेल तर शेजारीच सतरंजी टाकू आणि थकलेल्या हप्त्यांची यादी मोठ्यानं वाचू, नावासकट, कोणाच्या घरातून किती गेले त्यासकट.

त्या म्हाताऱ्या बाईला मी तेव्हा सांगायला हवं होतं ते आता सांगते : मावशी, बाईनं तिथं जावं. ते पैसे तिचे आहेत.