पत्र्याचे डबे कोणाच्या सोयीचे?



नवी मुंबईत महापे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आम्ही 'आपद्‌ग्रस्तांसाठी तयार घर' पाहिले. पत्र्याची खोली, एक दार, एक खिडकी. गावात न्यायचे कसे, म्हणून विचारले. उत्तर आले, ट्रेलर आणि क्रेन लागेल. दरड कोसळली, पूर आला की आधी रस्ताच जातो, हे त्या साहेबांच्या गावीही नव्हते!

इर्शाळवाडीला तर गाडीरस्ताच नव्हता. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, बचावाची माणसे पायी चढली. वाचलेल्यांना खाली चौकजवळ कंटेनरमध्ये ठेवले. छप्पर लवकर मिळाले, हे मान्य. पण पुढचा उन्हाळाही त्याच लोखंडी डब्यात निघाला. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतरही घरे होईपर्यंत नशिबी पत्राच होता. जगभरच्या मदतसंस्था माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा धरतात. पाच माणसांना सुमारे १८८ चौरस फूट. वीस फुटी कंटेनर भरतो १६०. मग शेळी, बियाणे, कडबा कुठे ठेवायचा?

बीडचा ऊसतोड कामगार दरसाल बांबू, चटया, ताडपत्री घेऊन फडावर जातो. नवराबायको मिळून कोपी उभी करतात, हंगाम संपला की मोडून ठेवतात. कृषी महाविद्यालयात आम्हाला गोदामांचे नकाशे शिकवले, कोपीचा कधी नाही. कोपीत सुख आहे असे आम्ही म्हणत नाही. ती अवकाळीत गळते, संडास नसतो, ठिणगी पडली की संपले. पण ती डोक्यावरून नेता येते आणि घरच्या माणसांना दुरुस्त करता येते. तिलाच सुधारा की! दोन ताडपत्र्यांत वीतभर हवा खेळती ठेवा, उन्हाचा ताव कमी होतो. खाली ओटा, भोवती चर, चूल बाहेर आडोशाला.

आपण कोरडवाहू, आपल्याला कसला पूर, असे म्हणणाऱ्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये सीनाकाठी काय झाले ते आठवावे.

आमची मागणी साधी आहे. पावसाळ्याआधी प्रत्येक तालुक्याच्या गोदामात बांबू, दोर, ताडपत्री बांधून तयार हवी. खरेदी तालुक्यातच व्हावी. आणि नमुना मंजूर करण्याआधी कोपीत हंगाम काढलेल्या बायांना दाखवावा. ज्यांच्या घरचे फडावर जातात त्यांनी जिल्हा बैठकीला आपले बांबू आणि दोर घेऊन यावे. कलेक्टर कचेरीच्या आवारात कोपी उभी करू आणि किती वेळ लागला ते साहेबांनाच घड्याळ लावून मोजायला सांगू.