अनुक्रमणिका बिघडली, खाती नव्हेत

मार्चअखेर तोंडावर असताना डिस्कचे विभाग बदलले आणि दुकानाचा संगणक सुरूच होईना, तर वर्षभराचा हिशेब बुडाला असे व्यापाऱ्यास वाटते. वस्तुतः बहुधा खतावणीची अनुक्रमणिकाच बिघडलेली असते. खातेपाने जागेवर असतात. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर विभागांची ही नोंद पहिल्या ५१२ बाइटांपैकी अवघ्या ६४ बाइटांत मावते. म्हणून घाईने फॉरमॅट करू नये. प्रथम लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून हिशेबाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात. विभागच दिसत नसेल, तर ‘टेस्टडिस्क’ या विनामूल्य साधनाने तो शोधावा. त्यानंतरच विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हमधील ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवावे. आधी नक्कल, मग दुरुस्ती. हा क्रम पाळणाऱ्याची वही सहसा बुडत नाही.