फॉरमॅट मारण्याआधी जरा थांबा

कंप्युटर निळा पडला की आपल्याकडे एकच सल्ला मिळतो, "फॉरमॅट मार." लॅबमध्ये हेच, होस्टेलवर हेच, दुरुस्तीच्या दुकानातही बहुतेक वेळा हेच. माझं मत सरळ आहे: असं फॉरमॅट मारणं म्हणजे पुरावा पुसून टाकणं. आणि ज्या निळ्या पडद्याला आपण शिव्या घालतो, तो आपल्याला वाचवायला आलेला असतो.

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. मेमरी कोणाला किती द्यायची, डिस्कवर कोणी लिहायचं, प्रिंटरशी कोणी बोलायचं, हे सगळं तो बघतो. ब्राउझर कोलमडला तर कर्नल त्याला बाहेर काढतो आणि बाकीचं काम चालू राहतं. पण गडबड खुद्द कर्नलमध्येच झाली, तर त्याच्या वर कोणी नाही. मेमरीतलं काय खरं नि काय खोटं, याचा भरवसा उरत नाही. तसंच रेटत राहिलं तर चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाईल. म्हणून तो सगळं थांबवतो. विंडोजमध्ये याला ब्लू स्क्रीन म्हणतात, लिनक्समध्ये कर्नल पॅनिक.

१९ जुलै २०२४ आठवतो ना? त्या दिवशी सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक छोटी अपडेट फाइल जगभर गेली. तिचा प्रोग्रॅम कर्नलच्या आत बसून काम करणारा. त्याच्याकडे माहितीचे २० रकाने होते, आणि नवी फाइल २१ वा वाचायला सांगत होती. होस्टेलच्या मजल्यावर २० खोल्या असताना कोणी २१ व्या खोलीचं दार उघडायला जावं, तसं झालं. ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली गेली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख कंप्युटर आडवे झाले होते. हैदराबाद विमानतळावर इंडिगोने हाताने लिहून दिलेल्या बोर्डिंग पासचा फोटो तेव्हा मोबाइलवर सगळीकडे फिरला.

आता कोणी म्हणेल, विमानं रखडली, हॉस्पिटलांची कामं अडली, मग थांबणं चांगलं कसं? प्रश्न रास्त आहे. पण दोष थांबण्यात नव्हता. नीट न तपासलेली फाइल एकाच वेळी सगळीकडे पाठवण्यात होता. आधी थोड्या यंत्रांना देऊन पाहिली असती, तर एवढा गोंधळ झाला नसता.

न थांबणारं यंत्र काय करतं, तेही बघा. मे २००३ मध्ये बेल्जियममध्ये निवडणूक झाली. ब्रुसेल्समधल्या स्कारबेक इथे मतं इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर मोजली जात होती. एका उमेदवाराला मिळूच शकणार नाहीत इतकी मतं दिसली, म्हणून फेरमोजणी झाली. बरोबर ४०९६ मतं जास्त निघाली. हा आकडा म्हणजे २ चा १२ वा घात. प्रोग्रॅममध्ये चूक सापडली नाही. मेमरीतला एक बिट शून्याचा एक झाला असावा, कदाचित अवकाशातून आलेल्या एखाद्या कणामुळे, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं गेलं. यंत्र बंद पडलं नाही, कुरकुरलंही नाही. शांतपणे चुकीचं उत्तर देऊन मोकळं झालं. तो आकडा अशक्य नसता, तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

म्हणून मला भीती वाटते ती गप्प बसणाऱ्या चुकीची. एखाद्याचे मार्क, रुग्णाच्या औषधाचं प्रमाण, बँकेतली शिल्लक, हे सगळं शेवटी बिटच. जिथे असे आकडे ठेवले जातात तिथल्या सर्व्हरमध्ये ईसीसी मेमरीच हवी. तिच्यात एक बिट उलटला तर तो दुरुस्त होतो, दोन उलटले तर कळतं. पैसे थोडे जास्त लागतात, पण परीक्षा विभागाच्या सर्व्हरवर ही काटकसर नको.

घरच्या लॅपटॉपला बहुधा ईसीसी नसते. तिथे निदान एवढं करा. निळ्या पडद्यावरचा कोड मोबाइलमध्ये टिपून घ्या. विंडोज फोल्डरातल्या मिनीडंपमध्ये क्रॅशची नोंद राहते, ती जपून ठेवा. जाणकाराला तिच्यात पुष्कळ सापडतं. दर वेळी एकाच ड्रायव्हरचं नाव येत असेल तर संशय त्याच्यावर घ्या. तो अलीकडे बदलला असेल तर जुना परत टाका. दर वेळी वेगळंच नाव येत असेल तर रॅम तपासा. मेमटेस्ट८६+ फुकट मिळतं. रात्रभर चालू ठेवा. एकही चूक दाखवली तरी एकेक पट्टी काढून पुन्हा तपासा.

रॅम खराब असताना फॉरमॅट मारलं तर काय होतं? नवी विंडोज त्याच बिघडलेल्या मेमरीतून डिस्कवर उतरते आणि आठवडाभरात पुन्हा तोच निळा पडदा. मधल्या मध्ये तुमचा प्रोजेक्ट गेला, आजीचे फोटो गेले, नि रोग तसाच. बॅकअपचंही तेच. खराब रॅममधून केलेली कॉपी खराब निघू शकते. त्यामुळे आधी पट्टी बदला किंवा डिस्क दुसऱ्या मशीनला लावा, मगच कॉपी करा.

डॉक्टरांनी नाडी न बघता ऑपरेशन सांगितलं तर आपण उठून दुसऱ्याकडे जातो. कंप्युटरच्या बाबतीत मात्र "उडवून टाक" ऐकून मान डोलावतो. पुढच्या वेळी दुकानदार फॉरमॅट म्हणाला, की त्याला एवढंच विचारा, "भाऊ, कोड काय आला होता?" त्याला सांगता आलं नाही, तर मशीन तिथे ठेवू नका.